कोरा की वाळवंटी गिटार? आफ्रिका फेस्टिव्हलची एकच संध्याकाळ हाताशी असेल तर

जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गच्या आफ्रिका फेस्टिव्हलची कार्यक्रमपत्रिका जाहीर झाली, की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. 1989 साली सुरू झालेला हा उत्सव मे अखेरीच्या सुमारास माइन नदीकाठच्या तालावेरा मैदानावर भरतो. फ्रँकफर्ट आणि न्यूर्नबर्ग, दोन्हीकडून रेल्वेने साधारण तासा-सव्वा तासात पोचता येतं, त्यामुळे त्या भागातल्या मराठी घरांतून बरेच जण जातात. दिवसभराच्या बाजाराबद्दल, खाण्याबद्दल आणि मुलांच्या कार्यक्रमांबद्दल कुणाला सल्ला लागत नाही. अडतं ते संध्याकाळच्या मोठ्या तंबूतल्या मैफलीपाशी. मिरियम मकेबा, सलिफ केता, युसू न्दूर अशी माणसं या उत्सवात गाऊन गेली आहेत, म्हणून अपेक्षा मोठी असते. तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि दोन-दोन रात्री थांबणं सगळ्यांना जमत नाही.

अशा वेळी पत्रिकेत एका रात्री कोरा या पश्चिम आफ्रिकी तंतुवाद्याचा वादक आणि दुसऱ्या रात्री सहारातल्या भटक्या तुआरेग लोकांचा गिटार बँड आला, की काय करायचं? हा पेच फक्त वुर्त्सबुर्गचा नाही. लिव्हरपूलचा आफ्रिका ओये असो, फ्रान्समधल्या काझार्क गावचा आफ्रिकाझार्क असो, या दोन परंपरा युरोपातल्या आफ्रिकी उत्सवांत पुन्हा पुन्हा समोर येतात. दोन्ही माली या देशाशी जोडलेल्या, दोन्ही तारांच्या, आणि ऐकायला बसलात तर एकमेकींपासून कोसभर दूर. मी दोन्ही ऐकत आलो आहे. माझं मत पुढे येईलच, पण ते माझ्या कानांचं मत आहे एवढं धरून चला.

कोराबद्दल मराठी कानाला फार समजावून सांगावं लागत नाही. मोठा अर्धा भोपळा, त्यावर ताणलेलं गाईचं कातडं, आरपार गेलेला लाकडी दांडा आणि 21 तारा: डाव्या हाताला 11, उजव्या हाताला 10. वाजवायला दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या, एवढीच चार बोटं. बाकीची बोटं वाद्य धरून ठेवतात. अंगठे खालच्या स्वरांवर एक आवर्तन फिरवत ठेवतात, त्याला कुंबेंगो म्हणतात. तबल्याच्या एकलवादनामागे लेहरा धरलेला असतो, तसंच ते काम. फरक असा की इथे लेहरा धरणारा आणि त्यावर खेळणारा माणूस एकच. त्या आवर्तनावरून तर्जन्या सरसर खाली उतरणाऱ्या ताना घेतात, त्या बिरिमिंतिंगो. पहिल्यांदा ऐकणारा हमखास मागे दुसरा वादक शोधतो.

सुरावटीही ओळखीच्या वाटतात. कोराच्या स्वरजुळणीचे ठरलेले प्रकार आहेत, त्यातल्या सौता नावाच्या जुळणीत मध्यम तीव्र लागतो. आपल्याला ते थेट कल्याण थाटाच्या अंगणात गेल्यासारखं वाटतं. अर्थात राग म्हणून त्याची वागणूक वेगळी आहे, तिथे यमन शोधत बसू नये. आणि जुळणी बदलायची तर तारा पुन्हा लावाव्या लागतात, म्हणून काही वादक वेगवेगळ्या जुळणीचे दोन कोरे घेऊनच मंचावर येतात.

मागची परंपराही आपल्या घराण्यांची आठवण करून देणारी. जाबाते, कुयाते, सिसोको, जोबार्ते ही आडनावंच वादकांची आहेत. राजांच्या वंशावळी आणि तेराव्या शतकातल्या सुंजाता केताची गाथा पिढ्यानपिढ्या तोंडपाठ ठेवणारी ही कुळं. तुमानी जाबाते 2024 मध्ये गेले. बलाके सिसोकोंबरोबरचं त्यांचं 1999 चं ध्वनिमुद्रण, 'न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज', आजही मी कोराशी नव्याने ओळख होणाऱ्या प्रत्येकाला आधी ऐकवतो. दोन कोरे, दुसरं काही नाही. गँबियातल्या जोबार्ते कुळातल्या सोना जोबार्ते लंडनमध्ये जन्मल्या आणि मुलग्यांकडेच जाणारं हे वाद्य व्यावसायिक मंचावर घेऊन उभ्या राहिल्या. त्या पूर्ण बँडसह येतात, तेव्हा माझ्या पुढच्या तक्रारीतला अर्धा भाग त्यांना लागू होत नाही, हे आत्ताच सांगून टाकतो.

वाळवंटी गिटारमागे अशी राजदरबारांची पार्श्वभूमी नाही. 1970 च्या दशकात सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात भीषण दुष्काळ पडले, गुरं मेली, आणि तुआरेग तरुण कामाच्या शोधात अल्जीरिया आणि लिबियात गेले. इब्राहिम अग अल्हबीब त्यांच्यातलाच. मालीतल्या 1963 च्या उठावात त्याच्या वडिलांना मारलं गेलं, तेव्हा तो लहान होता. पहिली गिटार त्याने डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांतून स्वतः बनवली. त्याच्याभोवती अल्जीरियातल्या तामनरासेतमध्ये जी पोरं जमली तीच पुढे तिनारिवेन हा बँड म्हणून ओळखली गेली. त्यांची गाणी आधी हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींवरून वाळवंटभर पसरली. 2012 साली त्यांच्या 'तसिली' या अल्बमला ग्रॅमी मिळालं, आणि त्याच वर्षी उत्तर मालीत सशस्त्र गटांनी संगीतावर बंदी घातली. टिंबक्टूजवळ भरणारा वाळवंटातला उत्सवही त्यानंतर तिथे होऊ शकला नाही. आता नायजरच्या अगादेझ भागातून बोंबिनो, मदू मोक्तार, एत्रान द लाएर अशी नवी मंडळी युरोपात येत असतात.

संगीत म्हणून बघायला गेलं तर हे कोराच्या मानाने फारच थोडक्या सामग्रीवर चालतं. बहुतेक पाच स्वर, खालच्या तारेवर अंगठ्याने धरलेला एक सतत घुमणारा षड्ज, वर तर्जनीने काढलेली छोटी छोटी वळणं. गाणं खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखं, आणि मागचे सगळे मिळून ओळ उचलतात. ठेका बायकांच्या तेंदे ढोलावरून आलेला, उंटाच्या चालीचा. तानांची आतषबाजी हवी असेल तर मदू मोक्तार वगळता इथे निराशा होईल. शास्त्रीय ऐकणाऱ्या एका मित्राला मी एकदा नेलं, तर वीस मिनिटांनी तो म्हणाला, "अरे, हे पुढे कधी जाणार?" त्याचा प्रश्न रास्त होता. ते पुढे जात नाही. ते जागच्या जागी खोल जात राहतं. ज्याला हे मानवत नाही त्याने कोराकडे वळावं, त्यात काही कमीपणा नाही.

इथपर्यंत वाचून कोराचं पारडं जड वाटत असेल. घरी, हेडफोन लावून, तसंच आहे. पण इथे आपण उत्सवातल्या तंबूबद्दल बोलतोय, आणि तिथे एका गोष्टीने माझा निर्णय फिरवला: टाळ्या.

शेवटच्या टाळ्यांबद्दल नाही म्हणत, वाजत असताना धरलेल्या ठेक्याबद्दल म्हणतोय. एका उत्सवात, वुर्त्सबुर्ग नव्हे, मी मंचाच्या अगदी जवळ उभा होतो. वादक एकटा होता, सौतामध्ये काहीतरी संथ सुरू केलं होतं. डावा अंगठा खालच्या तारांवर बाराचं आवर्तन फिरवत होता. कोराच्या अशा आवर्तनांत गंमत ही असते की बारा मात्रा तुम्ही तीन-तीनच्या चार धरू शकता, किंवा चार-चारच्या तीन. वादक मुद्दाम कुठलाच पक्ष घेत नाही. कान इकडून तिकडे सरकत राहतो, आणि सगळं सौंदर्य त्या सरकण्यात असतं. पहिली तान उतरली, तंबू शांत होता. दुसरी उतरताना मागून कुणीतरी टाळी धरली. बघता बघता सगळा तंबू तीन-तीनच्या चारवर, ठोक ठोक, आणि हळूहळू लय चढवत.

मी त्याच्या हातांकडे बघत होतो. दोन आवर्तनं त्याने अंगठ्यावर जोर देऊन लय मागे ओढायचा प्रयत्न केला. जमेना. मग त्याने मान डोलावली, हसला, आणि तर्जन्यांचं काम जवळपास थांबवून नुसतं आवर्तन वाजवत राहिला, टाळ्यांच्या लयीत. लोक खूश होते, मनापासून खूश होते, आणि त्यांच्या प्रेमात खोट काढायची नाही. पण जे ऐकायला मी गेलो होतो ते त्या क्षणी संपलं. चार-चारची बाजू टाळ्यांखाली गेली ती पुन्हा वर आली नाही. त्यानंतर वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या वादकांच्या बाबतीत मी हेच पाहिलं आहे. वादक जितका एकटा आणि नाजूक, तितक्या लवकर टाळ्या सुरू होतात. लोकांना वाटत असावं की त्याला साथ हवी आहे. शिवाय तंबूचं कापड आवाज अडवत नाही. बाहेर बाजारात कुणी जेंबे हा हातांनी वाजवायचा ढोल वाजवून बघत असेल, तर तोही तुमच्या मैफलीत सामील होतो. कोराच्या तारेचा स्वर विरत जातो, त्या विरण्यालाही अर्थ असतो, आणि तिथेच नेमका बाहेरचा ढोल येऊन बसतो.

तुआरेग बँडच्या रात्री याच टाळ्या संगीताचा भाग होतात. मुळात त्यांच्या ठेक्यात टाळी आहेच. बँडमधला एक जण बऱ्याचदा वाद्य न घेता पुढे येतो, हात उंच करून टाळी धरतो, लांब झग्यात सावकाश नाचतो, आणि लोकांना नेमकी कुठे टाळी द्यायची ते दाखवतो. प्रेक्षक चुकले तरी खालच्या तारेचा तो षड्ज आणि ढोल इतके भक्कम असतात की काही मोडत नाही. हजार माणसं मिळून एकच चाल धरतात आणि गाणं उलट अधिक जड, अधिक खोल होतं. विजेच्या गिटारींपुढे बाहेरच्या जेंबेचं काही चालत नाही. ध्वनियोजना जेमतेम असली तरी भागतं. कोराला तसं भागत नाही. भोपळ्यातला माईक जरा चुकीचा बसला की खालचे स्वर घोंगावतात आणि वरचे टोचतात.

तेव्हा तंबूसाठी माझं तिकीट वाळवंटाच्या बाजूला जातं. कोरावरचं प्रेम त्याने कमी होत नाही, उलट मला तो असा दबलेला ऐकवत नाही.

तिकीट काढण्याआधी एक व्यवहाराची गोष्ट मात्र बघा, कारण ती कोराच्या बाजूने आहे. नामवंत कोरावादकांपैकी बरेच जण युरोपात राहतात किंवा वर्षातला मोठा काळ तिथे असतात. पाच-सहा जणांचा बँड अगादेझहून यायचा म्हणजे प्रत्येकाचा व्हिसा, प्रत्येकाचं विमान. एकाचा कागद अडला तरी कार्यक्रम बदलतो. जुलै 2023 मध्ये नायजरमध्ये लष्करी उठाव झाला तेव्हा मदू मोक्तारचा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता आणि घरी परतता येईना म्हणून तिथेच अडकला. त्यामुळे बँडच्या रात्रीचं तिकीट काढताना परताव्याचे नियम वाचा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पत्रिका पुन्हा एकदा तपासा. कोराचा धोका वेगळा, तो वाद्याचा: 2020 साली न्यूयॉर्कहून पॅरिसला पोचल्यावर बलाके सिसोकोंनी पेटी उघडली तेव्हा त्यांचा कोरा सुटा सुटा होऊन पडलेला होता.

लहान मुलं बरोबर असतील तरीही मी बँडच सुचवेन. पोरं उभी राहून नाचू शकतात, कुणी वळून बघत नाही. फक्त त्यांच्या कानांवर आवाजरोधक लावा. वयस्कर आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि शास्त्रीय संगीतात मुरलेले असतील, तर माझा सल्ला थोडा डळमळतो. तासभर उभं राहणं त्यांना झेपणार नाही, आणि कोराच्या ताना त्यांना पहिल्या पाच मिनिटांत जिंकतील. मग कोराचीच रात्र घ्या. पण वादक एकटा आहे की बँडसह ते पत्रिकेत बघा. बँडसह असेल तर टाळ्यांचा त्रास खूप कमी होतो. एकटा असेल तर अगदी पुढे, मधोमध जागा धरा; मागच्या टाळ्या तिथे थोड्या दूर वाटतात आणि बोटं दिसत राहतात.

आणि कोरा नीट ऐकायचाच असेल तर उत्सवाची वाट बघू नका. हिवाळ्यात जर्मनीत, फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये छोट्या सभागृहांत हे वादक येत असतात. बलाके सिसोको व्हँसाँ सेगाल या चेलोवादकाबरोबर वाजवतात, सेकू केताने कॅट्रिन फिंच या वेल्श हार्पवादिकेबरोबर वर्षानुवर्षं जुगलबंदी केली आहे. अशा ठिकाणी लोक खुर्चीत बसतात, दारं बंद होतात, आणि टाळ्या तुकडा संपल्यावर पडतात. त्या तिकिटासाठी मी उत्सवाच्या तिकिटाहून जास्त पैसे आनंदाने मोजतो. मे महिन्यात मैदानावर गेलात तर वाळवंटवाल्यांची रात्र घ्या, मंचाच्या डाव्या-उजव्या टोकाला न जाता ध्वनियंत्रणेच्या टेबलासमोर उभे राहा, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधीच बघून ठेवा. हे बँड शेवटचं गाणं लवकर आटपत नाहीत.