सात महिने वापरलेली रीत : लढाई पलीकडच्या तोंडून

फोंड्यातल्या आमच्या शनिवारच्या लेखनवर्गात जूनपासून ही रीत चालवतेय. घरात ऐकलेली गोवामुक्तीची गोष्ट आधी जशीच्या तशी लिहायची, मग तीच समोरच्या बाजूच्या माणसाच्या तोंडून.

सुरुवात साफ फसली. एका मुलीनं 'अफोंसो द अल्बुकर्क' या पोर्तुगीज युद्धनौकेवरचा खलाशी निवडला. १८ डिसेंबर १९६१ ला मुरगावच्या पाण्यात आपल्या नौदलानं तिला निकामी केलं, तो दिवस. तिचा खलाशी पहिल्याच ओळीत म्हणाला, "आम्ही साडेचारशे वर्षं गोव्यावर अन्याय केला." खलाशाच्या तोंडून पाठ्यपुस्तक बोलत होतं! तेव्हापासून नियम घातला : त्या घटकेला त्याला जे दिसलं, ऐकू आलं, ठाऊक होतं, तेवढंच. दुसऱ्या खर्ड्यात खलाशी लिस्बनहून येणाऱ्या मदतीची वाट बघत होता. "बाई, ती येणार नाही हे आपल्याला माहीत. त्याला कुठं ठाऊक?" ती म्हणाली. इथं रीत लागू पडली.

बोरीचा पूल पोर्तुगीजांनी उडवला तेव्हा आजीच्या फळीवरची भांडी खाली आली, ही एका मुलाच्या घरातली गोष्ट. त्यानं सुरुंग लावणारा शिपाई घेतला आणि भांड्यांपाशी अडला. शिपायाला आजीचं स्वयंपाकघर कुठून दिसणार? लाडकं वाक्य खोडताना पोर रडवेलं झालं, पण खोडलं.

उणीव मोठी आहे. मुलं चटकन विरघळतात. 'शेवटपर्यंत लढा' हा पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारचा हुकूम बाजूला ठेवून गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा १९ डिसेंबरला शरण आला. मायदेशी त्याला लष्करातून काढून टाकलं. मग काय, पाच वह्यांत तोच नायक! त्या वाचून एका मुलीचे पणजोबा, स्वतः तुरुंग भोगलेले, म्हणाले, "आमचा तुरुंग खंय गेला ह्यात?" त्यांचं खरं होतं. मी घाई केली होती. आता पहिला महिना फक्त आपली बाजू. गोव्याच्या सरहद्दीवरच्या पत्रादेवीपासून सुरुवात : १५ ऑगस्ट १९५५, निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार, वीसहून जास्त बळी. ते पुरतं लिहून झाल्याशिवाय पलीकडे जायचं नाही.

सातवीच्या खालच्या मुलांना हे झेपत नाही. मोठ्यांना मात्र जरूर द्या.

पणजोबांनीही गेल्या आठवड्यात वही मागून घेतली. कोठडीवरच्या पहारेकऱ्याच्या तोंडून दीड पान झालंय. "तो चावी कुठल्या खिशात ठेवायचा, ते अजून आठवतं," म्हणाले.