सबस्क्रिप्शन की एकदाच किंमत? व्हीआर फिटनेस अ‍ॅप विकण्याच्या पद्धतींची तुलना

व्हीआर फिटनेस अ‍ॅप, म्हणजे डोक्यावर हेडसेट चढवून व्यायाम करायचं अ‍ॅप, विकायचं कसं, याची तीन-चार उत्तरं बाजारात आधीपासून आहेत आणि प्रत्येक उत्तराला कुठे ना कुठे गिऱ्हाईक मिळालेलं आहे. सुपरनॅचरल २०२० मध्ये आलं तेच महिन्याला १९ डॉलरच्या सबस्क्रिप्शनवर, पुढे त्यांना हा दर १० डॉलरच्या आसपास आणावा लागला. फिटएक्सआर आधी एकदाच विकत घेता यायचं, २०२१ मध्ये ते सबस्क्रिप्शनकडे वळलं. लेस मिल्सचं बॉडीकॉम्बॅट २०२२ मध्ये ३० डॉलर एकरकमी किमतीला उतरलं. बीट सेबरला कुणी फिटनेस अ‍ॅप म्हणणार नाही, पण घाम तेवढाच निघतो. त्यांनी मूळ गेम ३० डॉलरला ठेवला आणि गाण्यांचे पॅक वेगळे विकले. अ‍ॅप जवळजवळ तयार आहे आणि किमतीचा रकाना तेवढा कोरा आहे, अशांसाठी ही तुलना.

आधी साधा हिशेब. स्टोअरचा वाटा ३० टक्के धरा. ३० डॉलरच्या एका विक्रीतून हातात २१ येतात. महिना १० डॉलरच्या सबस्क्रिप्शनमधून हातात येतात ७. म्हणजे सभासद तीन महिने टिकला की बरोबरी, चौथ्या महिन्यापासून फायदा. दर महिन्याला एकतृतीयांश लोक गळत असतील तर माणूस सरासरी तीनच महिने टिकतो. गळती २० टक्क्यांवर आणली तर पाच महिने. कागदावर इथेच सबस्क्रिप्शन जिंकतं आणि गुंतवणूकदाराला दाखवायच्या तक्त्यातही तेच छान दिसतं.

पण त्या तक्त्यात खर्चाची बाजू सहसा पातळ असते. सबस्क्रिप्शन घेणारा माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, ‘नवीन काय?’ आठवड्याला तीन-चार नवे वर्कआउट द्यायचे म्हणजे कोरिओग्राफी, ट्रेनरचं चित्रीकरण, आवाज, ठोक्यांवर टार्गेट बसवणं आणि बुटक्या-उंच दोन्ही माणसांवर चाचणी. ही शेवटची पायरी घाईत गाळली जाते आणि मग कमी उंचीच्या माणसाला अपरकट, म्हणजे खालून वर मारायचा ठोसा, कानाजवळून मारावा लागतो. त्यावर संगीत. लोकप्रिय गाणं घ्यायचं तर रेकॉर्डिंगचे हक्क एकाकडे, गीत-संगीताचे दुसऱ्याकडे, आणि परवाना ठरावीक मुदतीचा. मुदत संपली की गाणं काढावं लागतं. सबस्क्रिप्शनमध्ये हे खपून जातं, कारण यादी बदलती असते हे लोकांना मान्य असतं. एकदाच पैसे मोजलेल्या माणसाचं आवडतं गाणं एका अपडेटनंतर गायब झालं तर तो गप्प बसत नाही, आणि त्याचं चुकतही नाही. तेव्हा एकरकमी विकायचं असेल तर संगीत कायमच्या हक्कांसह विकत घ्या किंवा बनवून घ्या. ओळखीची गाणी हाच तुमच्या अ‍ॅपचा जीव असेल, तर इथेच थांबा आणि सबस्क्रिप्शन घ्या. पुढचं वाचून त्यात फारसा फरक पडणार नाही.

आता परतावा. मेटाच्या हेडसेटच्या स्टोअरवर आणि स्टीम या पीसी गेमच्या स्टोअरवरही, खरेदीला १४ दिवस झाले नसतील आणि वापर दोन तासांहून कमी असेल तर पैसे परत मागता येतात. गेमसाठी दोन तास म्हणजे बरंच काही. २० मिनिटांच्या वर्कआउटसाठी तेवढ्यात जेमतेम सहा सत्रं होतात. दुसऱ्या सत्राला खांदे धरलेले असतात, लेन्सवर वाफ येते, पट्टा घामाने ओला होतो. उत्साह मावळतो तो इथेच, आणि परताव्याची खिडकी तेव्हा उघडीच असते. म्हणून पहिलं सत्र १० ते १२ मिनिटांचं, बिनस्क्वॉटचं ठेवा. तीव्रता तिसऱ्या सत्रापासून वाढवा. एकरकमी विक्रीत या एका बदलाचा जितका उपयोग होतो तितका जाहिरातीचा होत नाही, असं माझं मत आहे.

सबस्क्रिप्शनमध्ये हेच काम मोफत चाचणी करते. सात दिवसांची चाचणी अपुरी पडते. आठवड्यातून तीनदा व्यायाम करणाऱ्याला त्यात तीनच सत्रं मिळतात आणि त्यातलं एक कंट्रोलरचे पट्टे जुळवण्यात जातं. १४ दिवस द्या.

माझा काटा मात्र एका कटकटीमुळे एकरकमीकडे झुकला. हेडसेट कपाटात जातो आणि सबस्क्रिप्शन चालूच राहतं.

फोनवरचं अ‍ॅप रोज डोळ्यांसमोर असतं. हेडसेटमधलं अ‍ॅप हेडसेट डोक्यावर चढवल्याशिवाय दिसतच नाही. माणूस तीन आठवडे जोरात व्यायाम करतो, मग सर्दी होते, प्रवास निघतो, बॅटरी उतरते. तुमची हेडसेटमधली सूचना बंद पडलेल्या यंत्रात पडून राहते. स्टोअर तुम्हाला गिऱ्हाइकाचा ईमेल देत नाही, तुम्ही वेगळं लॉगिन बांधलं असेल तरच तो हाती असतो. दोनेक महिन्यांनी कार्डाचं बिल बघून माणूस चमकतो, हेडसेट चार्ज करतो आणि अ‍ॅप डिलीट करतो. अ‍ॅप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. ते स्टोअरच्या खात्यात जाऊन वेगळं रद्द करावं लागतं. पुढच्या महिन्यात पैसे पुन्हा कापले जातात, आणि मग येतो एक तारा आणि ‘शुद्ध फसवणूक’ असा रिव्ह्यू.

तक्रार हाताळणाऱ्याची अडचण अशी की त्याच्या हातात बटणच नाही. रद्द करायचं ते गिऱ्हाइकाने, परतावा द्यायचा की नाही ते ठरवायचं स्टोअरने. तुम्ही फक्त पायऱ्या लिहून पाठवायच्या आणि माफी मागायची. व्हीआर स्टोअरवर लहान अ‍ॅपचे रिव्ह्यू शेकड्यांतच असतात. त्यात अशा १०-१५ तक्रारी पडल्या की सरासरी घसरलेली दिसते आणि नवा माणूस ती बघूनच पुढे सरकतो. न येणाऱ्या सभासदांच्या फीवर जिम चालतात हे खरं, पण जिमच्या दारावर एक तारा कुणी चिकटवून जात नाही.

यावर उपाय आहेत, ते करावेतच. सुरुवातीला ऐच्छिक ईमेल मागा. चाचणी संपण्याच्या दोन दिवस आधी हेडसेटमध्ये आणि ईमेलवर दोन्हीकडे कळवा. ‘सबस्क्रिप्शन कसं रद्द करायचं’ हे मुख्य मेनूवर ठेवा, सेटिंगच्या पोटात गाडू नका. ३० दिवस एकही सत्र झालं नाही तर तसं सरळ लिहून कळवा. वार्षिक योजनेत नूतनीकरणाच्या आठवडाभर आधी कळवणं तर फारच गरजेचं, कारण ७०-१०० डॉलरचा धक्का दहा डॉलरसारखा विसरला जात नाही. इतकं करून कटकट कमी होते. संपलेली मात्र मला दिसली नाही.

एकरकमी किंमत आणि वर पॅक, या रचनेत ही भानगडच उरत नाही. पडून राहिलेल्या हेडसेटचे पैसे कापले जात नाहीत. सहा महिन्यांनी धूळ झटकून परतणाऱ्याला अ‍ॅप जसंच्या तसं मिळतं, आणि तो खुशीत असताना एखादा पॅक घेऊन जातो. मूळ अ‍ॅपमध्ये ३०-४० वर्कआउट असावेत, १० ते ३० मिनिटांचे, तीन पातळ्यांचे, म्हणजे नुसत्या त्यावरही कुणी वर्ष काढू शकेल. पॅकमध्ये ८-१० वर्कआउट, किंमत मूळ किमतीच्या एकतृतीयांशाच्या आत, आणि दीड-दोन महिन्यांनी एक. प्रत्येक पॅकचा मिनिटभराचा नमुना खेळून बघता आला पाहिजे. नुसत्या चित्रावर पॅक विकला जात नाही.

पॅकमध्ये काय नसावं, हे जास्त महत्त्वाचं. उंची जुळवणं, बसून करायचा प्रकार, सत्रांची नोंद, उष्मांकांचा इतिहास या मूलभूत गोष्टी आहेत. त्यांचे वेगळे पैसे लावले की पॅकची रचना लगेच बदनाम होते. दोघांनी मिळून करायच्या वर्कआउटमध्ये पॅक फक्त यजमानाकडे असला तरी चालावं, नाहीतर दर दुसऱ्या आमंत्रणाला ‘तुमच्याकडे हा पॅक नाही’ अशी पाटी लागते आणि लोक आमंत्रणं देणंच सोडतात. पॅकच्या फाइली मूळ अ‍ॅपपासून वेगळ्या उतरवता याव्यात. भरलेल्या हेडसेटमधून सगळ्यात आधी जाड अ‍ॅपच उडवलं जातं.

मालकीची तपासणी, म्हणजे माणसाने पैसे भरलेत का हे स्टोअरला विचारणं, तीही नीट बांधा, मग मॉडेल कुठलंही असो. वायफाय नसलेल्या खोलीत अ‍ॅप उघडलं, तपासणी अपुरी राहिली आणि पैसे भरलेल्या माणसापुढे कुलूप आलं, तर तो पुन्हा हेडसेट चढवेलच असं नाही. स्टोअरचं शेवटचं यशस्वी उत्तर साठवून निदान आठवडाभर त्यावर चालू द्या.

या रचनेची दुखरी बाजूही आहे. पॅक सगळे घेत नाहीत आणि पाचवा पॅक घेणारे पहिल्यापेक्षा बरेच कमी असतात. उत्पन्न सपाट राहत नाही, डिसेंबरमध्ये नवे हेडसेट भेट मिळतात तेव्हा आणि जानेवारीच्या संकल्पांवर ते उसळतं, मग उतरतं. नवा हेडसेट आला किंवा सिस्टिमच्या अपडेटने काही मोडलं की जुन्या गिऱ्हाइकांसाठीची दुरुस्ती जुन्याच पैशातून करावी लागते. ज्यांच्याकडे पगारी ट्रेनरांचा संच आणि रोजचा नवा वर्ग आहे, त्यांना हे झेपणार नाही. दोन-चार जणांच्या चमूला, विशेषतः बॉक्सिंग किंवा ताल यांसारख्या पुन्हापुन्हा करता येणाऱ्या प्रकारात, बहुधा झेपेल.

पूर्ण मोफत अ‍ॅप आणि आत खरेदी याबद्दल थोडक्यात. डाउनलोड भरपूर होतात, पण त्यातली बरीच गर्दी खेळायला आलेल्या मुलांची असते. सामूहिक वर्गात तीच कल्ला करते आणि रिव्ह्यूही तीच लिहिते. मोठ्या मार्केटिंग खात्याशिवाय हा मार्ग सुचवणार नाही.

अजूनही निर्णय होत नसेल तर एकरकमीपासून सुरुवात करणं त्यातल्या त्यात सोपं, कारण पुढे ऐच्छिक सभासदत्व वर चढवता येतं. फक्त ते चढवताना आधी विकलेलं काहीही कुलपात टाकू नका. फिटएक्सआरने वळण घेताना जुन्या गिऱ्हाइकांनी घेतलेले वर्ग त्यांच्याकडेच राहू दिले होते. त्यासाठी खात्यावर कोणती खरेदी कधी झाली याची नोंद पहिल्या दिवसापासून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. दोन वर्षांनी ती स्टोअरच्या अहवालांतून माणूस-माणूस जुळवत काढणं फार जिवावर येतं.