मागापासून मोटारीपर्यंत : नागोयाचे टोयोटा संग्रहालय

जपानमधील नागोया स्थानकावरून मेईतेत्सु रेल्वेने निघाले की पुढचेच स्थानक साको, आणि तेथून अगदी जवळ लाल विटांच्या भिंतींची एक लांबलचक वास्तू लागते. १९११ साली टोयोटा समूहाचे आद्य संस्थापक साकिची टोयोदा यांनी आपल्या मागांच्या चाचणीसाठी ज्या जागेवर कारखाना उभारला, त्याच जागेवर, जुने बांधकाम शक्य तेवढे जपून, टोयोटा समूहातील कंपन्यांनी जून १९९४ मध्ये हे उद्योग आणि तंत्रज्ञान संग्रहालय उघडले. केवळ चकचकीत मोटारी पाहण्यासाठी येणाऱ्याला पहिल्या दालनात एकही मोटार दिसणार नाही. तेथे कापूस आहे, चात्या आहेत आणि रांगेने मांडलेले माग आहेत. आणि टोयोटाचा इतिहास येथून सुरू करण्याचा संग्रहालयाचा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

वस्त्रयंत्रांच्या या दालनाचे मोठेपण असे की येथील यंत्रे चालतात. सरकी काढणे, पेळू तयार करणे, सूत कातणे आणि विणणे हा सारा क्रम मार्गदर्शक आधी हाताने करून दाखवतात, मग तेच काम यंत्राकडे कसे गेले ते त्या त्या काळातील यंत्र सुरू करून समजावतात. साकिची हे आजच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यातल्या सुताराचे पुत्र, जन्म १८६७ चा. त्यांनी १८९१ साली पेटंट घेतलेला लाकडी हातमाग, १८९६ चा यंत्रमाग आणि १९०६ च्या कल्पनेवरचा प्रवेशदालनातील भव्य वर्तुळाकार माग पाहत गेले की एकाच माणसाने एकाच प्रश्नाचा किती वर्षे पाठपुरावा केला, हे ध्यानात येते. जपानी सूतगिरण्यांच्या भरभराटीशी आपला संबंधही जुना आहे, कारण १८९३ साली जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पोन युसेन या जपानी कंपनीची मुंबईची जहाजसेवा सुरू झाली, ती मुख्यतः आपल्याकडील कापूस तिकडे नेण्यासाठीच.

मात्र सर्वाधिक वेळ द्यावा तो १९२४ च्या 'जी' प्रकारच्या स्वयंचलित मागाला. धोट्यातील, म्हणजे आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातील, सूत संपत आले की माग न थांबता धोटा आपोआप बदलला जातो, आणि ताण्यातील, म्हणजे उभ्या धाग्यांतील, प्रत्येक धाग्यावर अडकवलेली पातळ धातूची पट्टी, तो धागा तुटताच खाली पडून, मागालाच थांबवते. मार्गदर्शक मुद्दाम एक धागा तोडतात आणि त्या गडगडाटात ते यंत्र तत्क्षणी स्तब्ध होते. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबणे बरे, ही त्यामागची दृष्टी. तिलाच पुढे मोटारीच्या कारखान्यात जिदोका म्हटले गेले, आणि दोष दिसताच कोणत्याही कामगाराने जोडणीची साखळी थांबवावी, ही टोयोटाची जगप्रसिद्ध पद्धत तिच्यातूनच वाढली. व्यवस्थापनाच्या वर्गात हा विषय अनेकांनी शिकलेला असतो. येथे तो डोळ्यांसमोर घडतो.

या मागाचे पेटंट हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या वस्त्रयंत्रे बनवणाऱ्या कंपनीने एक लाख पौंडांच्या कराराने घेतले आणि त्या पैशातून मोटार जन्मली, अशी कथा नेहमी सांगितली जाते. दुसरे, म्हणजे मोटारींचे, दालन पाहिल्यावर माझे मत असे झाले की पैशाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व लोखंड ओतण्याच्या अनुभवाला होते. साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी १९३३ साली माग-कारखान्यातच मोटार विभाग काढला, शेव्हरले गाडी सुटी करून तिचा अभ्यास केला आणि इंजिनाचे ठोकळे ओतायला घेतले. मागाचे भाग ओतणारे हात तयार होते, परंतु आत पाण्याच्या वाटा असलेला ठोकळा ओतण्यासाठी वाळूचे नाजूक गाभे लागतात, आणि सुरुवातीची ओतकामे मोठ्या संख्येने बाद झाली. १९३५ ची 'ए१' ही नमुना गाडी, तिचा पत्रा लाकडी साच्यांवर हातोडीने ठोकून आकारास आणणारे कारागीर, आणि १९३६ ची 'एए' गाडी यांची येथील मांडणी म्हणूनच मनाला भिडते. अपयश न लपवता सांगितलेला इतिहास विश्वासार्ह वाटतो.

ऑगस्ट १९३७ मध्ये स्वतंत्र मोटार कंपनी स्थापन झाली, पुढच्या वर्षी कोरोमो येथे कारखाना सुरू झाला. १९५५ ची क्राउन, १९६६ ची कोरोला आणि १९९७ ची प्रियस हे टप्पे परिचित आहेत. माझा आग्रह १९५० या वर्षाला अधिक जागा देण्याचा आहे. त्या वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, दीड हजारांहून अधिक कामगारांना नोकरी सोडावी लागली, दीर्घ संप झाला आणि किइचिरो यांनी जबाबदारी स्वीकारून पद सोडले. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले आणि अमेरिकी सैन्याच्या ट्रकांच्या मागणीने कंपनी सावरली, पण १९५२ साली वयाच्या ५७ व्या वर्षी किइचिरो निवर्तले. कंपनीने स्वतःच उभारलेल्या संग्रहालयात हे प्रकरण जितक्या विस्ताराने येईल, तितकी उरलेल्या यशाची किंमत प्रेक्षकाला नीट कळेल.

मराठी पाहुण्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवून ही दालने पाहावीत. टोयोटा समूहाने किर्लोस्करांबरोबर १९९५ साली प्रथम वस्त्रयंत्रांची कंपनी काढली, आणि मोटारींची कंपनी त्यानंतर, १९९७ साली, स्थापन झाली. नागोयातील दोन दालनांचा क्रम भारतातही तसाच राहिला.

दोन्ही दालने नीट पाहायची तर अख्खा दिवस हाताशी ठेवावा. घाई असेल तर मोटारींच्या दालनातील अलीकडच्या गाड्या वगळाव्यात, माग वगळू नयेत. निरनिराळ्या देशांच्या गाड्या पाहण्याची हौस नागाकुते येथील टोयोटाच्या मोटार संग्रहालयात अधिक चांगली भागते. प्रात्यक्षिके चुकू नयेत म्हणून सकाळी दार उघडतानाच पोहोचावे, आणि सोमवारी संग्रहालय सहसा बंद असते हे ध्यानात घेऊन प्रवासाचा बेत आखावा.