फिट ओळखणारा मनगटी पट्टा: आठ महिने वापरल्यावर

धाकट्या भावाच्या मनगटावर हा पट्टा आला त्याला आठ महिने झाले. घेण्याआधी मी मिळेल ते वाचून काढलं होतं. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात लहानपणापासून फिट्स येणारी मुलं होती. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे मोठेपणी फिट्स सुरू झालेल्या माणसाला याचा कितपत उपयोग होतो, ते कुणी सांगत नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

भावाला डाव्या टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे कानशिलाच्या आतल्या बाजूला, कॅव्हर्नोमा आहे. अगदी पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्यांचा, तुतीच्या फळासारखा दिसणारा पुंजका. साधारण २०० माणसांत एकाला तो असतो आणि कित्येकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. पण त्यातून रक्त थोडं थोडं झिरपतं, त्यातलं लोह शेजारच्या मेंदूत साचत जातं आणि त्या लोहाने चाळवलेल्या पेशींतून फिट सुरू होते. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरून पुंजक्याभोवतीच्या काळ्या कडेवर बोट ठेवलं होतं. "हा जुन्या रक्ताचा डाग. फिटचं मूळ इथे आहे." पुंजका मेंदूच्या वरच्या थरात, विशेषतः टेम्पोरल लोबमध्ये असला तर फिटचा धोका जास्त. तोच खाली मेंदूच्या देठात असला तर फिट सहसा येत नाही, त्याचे त्रास वेगळे असतात. एव्हीएम हा रक्तवाहिन्यांचाच, पण निराळा आजार. त्यात रोहिणी मधल्या केशवाहिन्या सोडून थेट नीलेला जोडलेली असते. फिट्स त्यातही येतात, पण मोठ्या रक्तस्रावाची भीती तिथे आधी असते.

पहिल्या फिटनंतर मी डॉक्टरांना विचारलं होतं, एकदाच आली आहे, थांबून बघू या का? ते नाही म्हणाले. स्कॉटलंडमधल्या प्रौढ रुग्णांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला आहे. रक्तस्राव न झालेल्या कॅव्हर्नोमाच्या रुग्णांत पहिल्या फिटनंतर पाच वर्षांत एपिलेप्सी, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार, जडण्याचं प्रमाण त्यात ९४ टक्के निघालं, एव्हीएमच्या रुग्णांत ५८ टक्के. गोळ्या लगेच सुरू झाल्या. पट्ट्याचा विचारही त्याच आठवड्यातला.

पट्टा दोन गोष्टी मोजतो: हाताची हालचाल आणि घामामुळे त्वचेत होणारा विद्युत बदल. दोन्हींत एकदम ठरावीक तऱ्हेची उसळी आली की तो जवळच्या मोबाइलला कळवतो आणि मोबाइल माझ्या फोनवर अलार्म वाजवतो. अंग ताठ होऊन झटके देणारी मोठी फिट त्याला कळते ती अशी. अशा फिट्स आठ महिन्यांत दोनदा आल्या, दोन्ही वेळा तो वाजला.

त्यातली एक रात्री ३ वाजून १० मिनिटांनी. मी शेजारच्या खोलीत होते. धावत गेले तर तो पालथा, तोंड उशीत रुतलेलं, उजवा हात पलंगाच्या कडेवर आपटत होता. खांद्याला आणि कमरेला धरून त्याला कुशीवर वळवलं, उशी ओढून बाजूला टाकली, तोंडात काहीही घातलं नाही आणि घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स, हे आमचं आधीच ठरलेलं होतं. दोन मिनिटांच्या आत झटके थांबले. मग घोरल्यासारखा मोठा श्वास सुरू झाला आणि तो ऐकून माझे पाय लटपटायला लागले. पट्टा नसता तर मला जाग आली नसती. या एका रात्रीसाठी मी त्या पट्ट्याची कायम ऋणी आहे.

आता दुसरी बाजू. भावाच्या बहुतेक फिट्स अशा नसतातच. पोटातून काहीतरी वर चढत येतं, समोरचं सगळं आधी घडून गेल्यासारखं वाटतं, तो "ताई, आलं" एवढंच म्हणतो आणि नजर थिजते. ओठ चघळल्यासारखे हलतात, बोटं शर्टाची कड चिमटीत धरून सोडतात, पुन्हा धरतात. मिनिटभरात संपतं. त्यानंतर बराच वेळ त्याला साधे शब्द सापडत नाहीत. पेन हातात असतं आणि पेन म्हणता येत नाही. माझ्या वहीत आठ महिन्यांतल्या अशा अकरा फिट्स आहेत. पट्टा एकदाही वाजला नाही, वाजणारही नाही, कारण हात झटके देत नाही. टेम्पोरल लोबमधल्या कॅव्हर्नोमाच्या फिट्स बहुतांशी याच जातीच्या असतात, म्हणून हे विकत घेण्याआधी माहीत असायलाच हवं.

आम्हाला ते सांगितलं गेलं नाही याचा मला राग आहे. फोनवरच्या विक्री प्रतिनिधीने तर "फिट येण्याआधीच कळेल" असं छातीठोकपणे सांगितलं. हे खोटं आहे. पट्टा फिट सुरू झाल्यावर ओळखतो, तीही ठरावीक प्रकारची. घाबरलेल्या घरच्यांना असं सांगून वस्तू विकू नये.

दुसऱ्या महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. मोबाइलच्या बॅटरी सेव्हरने ॲप बंद केलं आणि रात्रभर पट्टा कुणाशीच जोडलेला नव्हता. सकाळी बघितलं तेव्हा कळलं. जोडणी तुटल्याची सूचना माझ्या फोनवर यायला हवी होती, आली नाही. तक्रारीला पाच दिवसांनी आलेलं उत्तर होतं, सेटिंग तपासा. तेव्हापासून एक जुना मोबाइल कायम चार्जरला लावून त्याच्या उशाशी ठेवला आहे, त्यात बॅटरी सेव्हर बंद आहे आणि दुसरं एकही ॲप नाही. परत तसं झालेलं नाही.

खोटे अलार्म बरेच येतात. दात घासताना हमखास, टाळ्या वाजवताना, एकदा कपड्याचा डाग चोळताना. काही सेकंदांत बटण दाबून रद्द करता येतं, पण भाऊ सुरुवातीला चिडायचा. गोळ्यांनीही त्याची चिडचिड वाढली होती, त्यामुळे ते दिवस दोघांनाही जड गेले. माप नीट बघून घ्या. सैल पट्टा त्वचेवर टेकत नाही आणि मोजणी चुकते. चार्जिंगला रोज तासभर लागतो. तो आम्ही संध्याकाळी सातला ठेवलाय, मी घरी असते तेव्हा.

डॉक्टरांना पट्ट्याच्या नोंदी दाखवल्या तर त्यांनी भराभर खाली सरकवल्या. माझी वही मात्र त्यांनी पानन् पान वाचली आणि त्या अकरा फिट्स बघून गोळीचा डोस बदलला. ऑपरेशनचा विषयही त्याच दिवशी निघाला. पुंजका आणि भोवतीचा लोहाचा डाग दोन्ही काढता आले तर दहापैकी सात-आठ जणांच्या फिट्स थांबतात, पण डाव्या बाजूला भाषेचं केंद्र जवळ असल्याने आधी त्याच्या तपासण्या होणार आहेत.

पाचपैकी साडेतीन. रात्री एकट्या झोपणाऱ्या आणि मोठ्या फिट्स येणाऱ्या माणसासाठी जरूर घ्या. नजर थिजणाऱ्या फिट्सच येत असतील तर घेऊ नका, त्याऐवजी एक वही करा आणि फिट चालू असताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांनी आमच्याकडे पहिल्यांदा मागितला तो व्हिडिओच.