अस्सल म्हणून विकलेला लाल दोरा धुताना कच्चा निघाला

क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीच्या टाक्याचं भरतकाम, करणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगते, "अस्सल डीएमसी, रंग पक्क्याची गॅरंटी" असं म्हणून कुणी ऑनलाइन या फ्रेंच कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लड्या विकत असेल, तर पहिला टाका घालायच्या आधी त्यातल्या लाल, काळ्या आणि गडद निळ्या लड्या भिजवून बघा. माझं पूर्ण झालेलं काम अशा दोऱ्याने नासलं आणि विकणाऱ्याने सगळा दोष माझ्या धुण्यावर ढकलला.

पांढऱ्या 14 काउंट आयडावर, म्हणजे इंचाला 14 चौकोन असलेल्या भरतकामाच्या सुती कापडावर, फुटलेलं डाळिंब भरलं होतं. दाण्यांसाठी डीएमसीच्या 321, 498 आणि 815 या नंबरांचे तीन लाल. लड्यांवर कंपनीची पट्टी होती, नंबर होता, बारकोडही होता. विक्रेत्याने दाखवलेले फोटो तर खऱ्या मालाचेच होते. भरताना दोरा जरा लवकर पिसायचा, मध्येच एखादी बारीक गाठ लागायची, पण वापरून वापरून सुती दोरा पिसतोच, त्यावरून संशय यावा असं काही नव्हतं.

काम झालं की धुवावंच लागतं. हाताचं तेल कापडात मुरतं आणि कालांतराने पिवळं दिसायला लागतं, शिवाय रिंगचे वळ असतात, पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या रेषा असतात. मी नेहमीसारखं पांढऱ्या टबात थंड पाणी घेतलं आणि ब्लीच नसलेला सौम्य साबण थेंबभर टाकला. कापड बुडवताच पाणी गुलाबी झालं. गडद लाल रंगातला वरवरचा जादा रंग पहिल्या पाण्यात थोडा निघू शकतो, चांगल्या दोऱ्याचासुद्धा, म्हणून लगेच पाणी बदललं. पण चांगल्या दोऱ्याचं पाणी एकदोनदा बदललं की स्वच्छ येतं. इथे ते गुलाबीच येत राहिलं. डाग गोल पसरला नाही. आयडाच्या विणीतून तो उभा-आडवा सरकत गेला आणि प्रत्येक दाण्याभोवती पायऱ्यापायऱ्यांची गुलाबी कड उठली. पानांच्या हिरव्यापर्यंत ती पोचली होती.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर आलं, "ताई, गरम पाणी वापरलं असणार." नाही म्हटल्यावर, "मग मीठ-व्हिनेगर घातलं नसेल." त्यानंतर रंग पक्का करणारी म्हणून एक बाटली मलाच विकत घ्यायला सांगितली. त्या बाटलीवर घटकांचं नाव नव्हतं, बनवणाऱ्याचंही नव्हतं. मी ती घेतली नाही.

मीठ-व्हिनेगरचा सल्ला इतका सर्रास दिला जातो की तो देऊन विक्रेत्याला सहज हात झटकता येतात. व्हिनेगरचा उपयोग लोकर आणि रेशमावरच्या आम्लधर्मी रंगांना होतो. सुती दोऱ्याचे रंग वेगळ्या जातीचे, व्हिनेगरने ते पक्के होत नाहीत. मीठ रंगवण्याच्या वेळी घालतात, रंग सुताकडे ओढला जावा म्हणून. रंगवून झालेल्या दोऱ्यातला सुटा रंग ते धरून ठेवत नाही. रंग पक्का करणं हे दोरा बनवणाऱ्याचं काम आहे. रंगवल्यावर न चिकटलेला रंग धुऊन काढायचा असतो, आणि नकली मालात नेमकी तीच मेहनत वाचवलेली असते.

मग मी उरलेली 321 ची लडी ओली केली आणि पांढऱ्या सुती रुमालात दाबून ठेवली. रुमालावर लाल पट्टा उमटला. माझ्याकडे याच नंबरची ओळखीच्या दुकानातून घेतलेली जुनी लडी होती, तिचा काहीही डाग पडला नाही. दोन्ही उजेडात शेजारी धरल्या तर जुनीला मर्सराइज्ड (चमक यावी म्हणून खास प्रक्रिया केलेल्या) सुताची चकाकी होती, नवी मंद आणि केसाळ. अस्सल लडी सहा पदरी आणि 8 मीटरची असते. नवी न वापरलेली लडी मोजली, तर ती लांबीलाही कमी भरली. हे सगळं फोटोसकट पाठवलं. उत्तर म्हणून मला ब्लॉक केलं गेलं. पैसे परत मिळालेले नाहीत.

स्वस्त, बिननावाच्या लड्यांना मी नावं ठेवत नाही. त्या त्याच म्हणून विकल्या जातात, त्यातल्या कित्येक चांगल्या टिकतात, आणि काय घेतोय हे घेणाऱ्याला माहीत असतं. माझा राग खोट्या पट्टीवर आहे. म्हणून माल आल्यावर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ ठेवा, पट्ट्या फेकू नका, प्रत्येक गडद नंबरचा वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबा आणि वाळल्यावर बघा. परत करायची मुदत संपायच्या आत हे करा, कारण भरतकाम पूर्ण होईपर्यंत ती कधीच उलटलेली असते.

आणि एवढं करूनही कुणाचा रंग सुटलाच, तर कापड पाण्याबाहेर काढून वाळू देऊ नका. ओलं आहे तोवरच आशा आहे. थंड पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा, पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. पिळू नका, ओलं कापड दुमडून ठेवू नका, पांढऱ्या टॉवेलवर सपाट पसरा. डाग दिसत असेल तर इस्त्री अजिबात नको, उष्णतेने तो कायमचा बसतो. माझ्या डाळिंबाभोवतीची कड असं करून बरीच फिकी झाली, पण गेली नाही.

तो विक्रेता आता वेगळ्या नावाने विकतोय. लड्यांचे फोटो तेच आहेत, लाकडी खोक्यात रंगवार लावलेले, आणि खाली तेच "रंग पक्क्याची गॅरंटी". असे फोटो दिसले, तर पैसे देण्याआधी त्याच्याकडून हातातल्या मालाचा, आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून काढलेला फोटो मागा.