१०० एएच सांगून ३० एएचची बॅटरी गळ्यात मारली, होडीला मोटर लावणाऱ्यांनी वाचाच

सरळ मुद्द्यावर येतो. होडीसाठी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर २१,५००, लिथियम बॅटरी ३४,०००, चार्जर ३,२०० आणि ट्रान्सपोर्ट १,३००, असे ६०,००० रुपये मी एका दुकानदाराला यूपीआयने आगाऊ दिले आणि त्यातली बॅटरी चक्क खोटी निघाली. (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप.)

आम्ही देवबागला कर्ली खाडीत मासे गरवायला जातो. उथळ पाण्यात पेट्रोल इंजिनाच्या आवाजाने तांबोशी जवळ येत नाही म्हणून ही मोटर. आणि मी डोळे झाकून घेतलेली नाही. १३ फुटी फायबरची होडी, दोन माणसं आणि सामान, याला १२ व्होल्टची ५५ पाउंड थ्रस्टची (म्हणजे ढकलण्याच्या जोराची) मोटर भरपूर होते, फुल स्पीडला ती साधारण ५० अँपिअर ओढते, म्हणजे १०० एएचवर जवळपास दोन तास, हळू चालवली तर त्याहून कितीतरी जास्त. सगळा हिशोब बरोबर होता. खोटं होतं ते बॅटरीवरचं लेबल.

ज्या क्षणी कळायला हवं होतं तो आठवला की आजही डोकं फिरतं. गोडाऊनमधून पार्सल सोडवताना बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, स्पष्ट छापलेलं होतं, बॅटरी, वजन ६.८ किलो. त्याच कागदावर मी सही केली! १०० एएचची खरी लिथियम फॉस्फेट बॅटरी १० ते १२ किलो भरते. चुलतभाऊ म्हणालासुद्धा, "एवढी हलकी कशी रे ही?" तिथूनच फोन लावला तर दुकानदार म्हणतो, "साहेब, लिथियम हलकीच असते, त्याचेच तर पैसे आहेत." आता घरातल्या इन्व्हर्टरची अवजड बॅटरी बघून मोठ्या झालेल्या माणसाला हे पटणार नाही तर काय? वर त्याने आधीच व्हिडिओ पाठवलेला, मीटरवर १३.३ व्होल्ट. अहो, ३० एएचची बॅटरीसुद्धा तेवढेच व्होल्ट दाखवते! व्होल्ट बघून क्षमता कळत नाही, हे लिहून ठेवा.

मग ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाजवळ पाणी समुद्राकडे ओढत होतं म्हणून मोटर फुलवर टाकली आणि टक्कन बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. वल्ही होती म्हणून आणि दुसऱ्या होडीवाल्याने दोरी टाकली म्हणून बाहेर आलो. वल्ही घरी ठेवून या मोटरच्या भरवशावर कोणीही जाऊ नका.

गॅरेजवाल्याने गाडीचे ५५ वॉटचे दोन हेडलाइट बल्ब फुल चार्ज बॅटरीला लावले. १०० एएच असती तर ११ तास तरी जळायला हवे होते, साडेतीन तासांत विझले. त्याचा व्हिडिओ दुकानदाराला पाठवला, उत्तरच नाही. शेवटी झाकण उघडलं. आत टॉर्चच्या मोठ्या सेलएवढे २० सेल, ४० अँपिअरचा बीएमएस (त्याहून जास्त ओढलं की बॅटरी बंद करणारं सर्किट, म्हणूनच ५० ओढणारी मोटर फुलवर बंद पडत होती), बाकी जागेत थर्माकोल आणि खाली वजनासाठी फरशीचा तुकडा चिकटवलेला. फरशीचा तुकडा!! आणि आता मात्र लगेच फोन आला, "तुम्ही सील तोडलंत, वॉरंटी संपली." म्हणून सांगतो, उघडायचीच असेल तर सलग व्हिडिओ काढत, दोन माणसांसमोर उघडा.

पोलीस ठाण्यात गेलो तर, "माल मिळालाय ना? मग ही फसवणूक कशी, कंझ्युमर कोर्टात जा." सायबर हेल्पलाइनला फोन केला तर माल हातात आलाय म्हणून हा सायबर गुन्हा नाही. बँक म्हणाली पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत. परत ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्ताला, नंतर या, नंतर गेलो तर पक्कं बिल कुठंय? पक्क्या बिलाला बॅटरीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६,१२० रुपये वर मागत होता, कोण देणार? सगळे तसेच घेतात. पण मला पैसे पाठवल्याची नोंद, बिल्टी, चॅट, लेबलचे फोटो, फरशीचा तुकडा, एवढं सगळं टेबलावर मांडूनही साधा अर्ज घेऊन पोच द्यायला कोणी तयार नाही, मग फसवणूक म्हणायची तरी कशाला? खाडीत आमचं काही बरंवाईट झालं असतं तर घेतला असता का अर्ज?

मोटरचंही तेच. खाऱ्या पाण्याची सांगून दिली, पण पंख्यापाशी गंजापासून वाचवणारा जस्ताचा तुकडा (अॅनोड) नाहीच, गोड्या पाण्याच्या मॉडेलवर स्टिकर मारलेला. बोल्ट आताच गंजलेत.

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्यामुळे दुकानदार दूरचा आहे म्हणून गप्प बसू नका. ज्यांच्याकडे अशी नवी बॅटरी आलीय त्यांनी आजच काट्यावर ठेवा, बल्ब लावून किती तास जळतात ते बघा, आणि बिल्टी फेकू नका, माझ्या तक्रारीत सगळ्यात वरचा कागद तोच आहे.