शोधयंत्रांची पारख: गूगल आणि डकडकगो

१९९८ साली स्थापन झालेले गूगल आणि २००८ सालचे डकडकगो आलटूनपालटून वापरल्यावर माझा कौल मराठी मजकुरासाठी गूगलला आहे, तर खासगीपणासाठी, शोधांचा इतिहास साठवत नसल्याची ग्वाही देणाऱ्या डकडकगोला. अर्थात त्याचे निकाल बऱ्याच अंशी मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राकडून येतात. नुसते मोडी लिपी असे शोधले, तेव्हा शिकवणी वर्गांचीच पाने पुढ्यात आली. मग हे दोन शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत घालून त्यापुढे, तो शब्द असलेली पाने वगळण्यासाठी, 'वर्ग' या शब्दाच्या आधी उणे चिन्ह चिकटवले आणि जुन्या कागदपत्रांची पाने वर सरकली. (चिन्ह आणि शब्द यांत जागा सुटली, तर मेहनत पाण्यात.) डकडकगोत उद्गारचिन्हाला जोडून विकिपीडियाचे रोमन आद्याक्षर आणि नंतर शोधशब्द लिहिला, की शोध थेट विकिपीडियावरच होतो, ही सोय मला विशेष भावली.